पाठकोऱ्या कागदांवर

माझं काम दुसऱ्यांच्या पुस्तकांची पानं लावायचं. दादरच्या एका प्रकाशनसंस्थेत मी बरीच वर्षं अक्षरजुळणी आणि मांडणी करते. कवितासंग्रह हाताशी आला की मला विशेष आनंद होतो. कवितेच्या पानावर मोकळी जागा असते आणि ती कुठे किती ठेवायची हे पुष्कळदा माझ्यावर सोपवलेलं असतं. ओळ कुठे मोडायची, दोन कडव्यांत किती अंतर ठेवायचं, रेखाटन डावीकडे की उजवीकडे, ह्यात दिवस निघून जातो. स्वतः मात्र कधी कविता लिहिली नव्हती, आणि शाळा सुटल्यापासून चित्रही काढलं नव्हतं.

२२ मार्च २०२०, रविवार. करोनामुळे दिवसभर जनता कर्फ्यू, संध्याकाळी पाच वाजता सगळ्या गॅलऱ्यांतून थाळ्यांचा आवाज, आणि त्याच मध्यरात्रीपासून लोकल बंद. मी डोंबिवली पश्चिमेला रेल्वेलाइनच्या कडेला राहते, एकटीच. गाडीचा आवाज हा आमच्या घरात पंख्याच्या आवाजासारखा, असला तरी कानावर न येणारा. तो थांबला तेव्हा पहिल्या रात्री मी दोनदा उठून खिडकीशी गेले. मंगळवारी रात्री आठ वाजता देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. माझी आई कुडाळजवळच्या गावी, तीही एकटी. भाऊ मस्कतला नोकरीला, विमानं बंद झाल्यामुळे तिथेच अडकलेला. आम्ही तिघं तीन ठिकाणी, आणि कुणालाच कुणाकडे जाता येत नव्हतं.

तेव्हाची भीती कशी होती हे नीट सांगायला हवं, कारण आता लोक त्या दिवसांबद्दल केक, दालगोना कॉफी आणि रामायण मालिकेच्या गोष्टी सांगतात. माझ्याकडे तसं काही नव्हतं. मला दिवसभर आपला घसा कसा आहे ह्याच्यावर पहारा ठेवायचा नाद लागला. दहा सेकंद श्वास रोखता आला तर फुप्फुसं ठीक आहेत, असा एक निरोप तेव्हा सगळीकडे फिरत होता. तो खोटा आहे असं डॉक्टर वारंवार सांगत होते आणि मी ते वाचलंही होतं. तरी रात्री अंथरुणावर पडले की मी श्वास रोखून मोजायचे. मग आईचा विचार यायचा. तिला काही झालं तर मी इथून निघेन कशी? पास कुठे मिळेल, गाडी कोण देईल, खारेपाटणच्या नाक्यावर अडवलं तर पुढे काय? हा प्रवास मी मनात इतक्यांदा केला की रस्त्यातले नाके मला पाठ झाले.

दिवसा तसं बरं चालायचं. घरून थोडं काम होतं, डाळ-तांदूळ होते, शेजारच्या आजी दारात उभ्या राहून चौकशी करायच्या. पण आठवड्यांमागून आठवडे कुणी जवळ बसलेलं नाही, कुणाचा हात लागलेला नाही, ह्याची जाणीव संध्याकाळी सहाच्या सुमारास व्हायची. ती माझी दादरहून गाडी पकडायची वेळ. त्या गर्दीला मी वर्षानुवर्षं नावं ठेवली होती. आता कुणाच्या तरी खांद्याला खांदा लागावा, एवढीच इच्छा व्हायची.

मी लिहायला लागले ते झोप येत नव्हती म्हणून. ऑफिसमधून आणलेला जुन्या प्रूफांचा गठ्ठा घरात होता. एका बाजूला कुणाच्या तरी पुस्तकाचा मजकूर, दुसरी बाजू कोरी. असे पाठकोरे कागद आमच्या धंद्यात कुणी टाकत नाही. त्यांवर मी मनात येईल ते लिहीत गेले. सकाळी वाचलं की दिसायचं, पानभर एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलंय. भीतीला शब्द फार लागतात. एका ‘आईला ताप आला तर’ ह्या वाक्याला मी एका रात्रीत किती शेपट्या जोडायचे, आणि प्रत्येक शेपटीबरोबर छातीतली धडधड वाढायची. मोकळं होण्यासाठी लिहावं असं सगळे सांगतात. माझं उलट होत होतं, लिहून लिहून मी भीतीला खाऊ घालत होते.

म्हणून खोडायला लागले. आधी एकेक शब्द, मग ओळी. निळ्या बॉलपेननं इतकं खोडलं की पानावर गडद पट्टे तयार झाले. तेव्हा मला रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांचे छापील नमुने आठवले. १९२४ च्या सुमारास ‘पूरबी’च्या कविता लिहिताना ते खोडलेले शब्द रेषांनी एकमेकांना जोडत गेले आणि त्यातून पक्षी, चेहरे, विचित्र प्राणी निघाले. पुढे वयाच्या साठीनंतर ते चित्रकार झाले त्याची सुरुवात अशा खोडाखोडीत होती. एका पुस्तकाच्या कामात ती पानं मी पडद्यावर मोठी करून पाहिली होती. खोडलेल्या जागेला दुसरं आयुष्य मिळतं, हे तेव्हा नुसतं आवडलं होतं. आता माझ्यासमोर खोडलेले पट्टे होते आणि रात्र संपत नव्हती. मी ते पट्टे जोडले. दोन समांतर रेघा झाल्या, मधे आडवे स्लीपर. रूळ. पान जिथून सुरू होतं तिथून ते जिथे संपतं तिथपर्यंत रूळ, गाडी नाही. खोडाखोडीतून जे थोडे शब्द वाचले होते ते मी खाली नीट लिहून काढले:

रुळांवर गवत उगवेल का,
असं मी भिंतीला विचारलं.
भिंत पलीकडच्यांचं ऐकत होती.

त्या पानाकडे मी बराच वेळ पाहिलं. भीती गेली नव्हती. पण ती आता पानाच्या चार कडांच्या आत होती आणि मी बाहेर बसून तिच्याकडे पाहत होते. त्या रात्री झोप लागली.

पुढे ही पद्धतच झाली. आधी भरभरून लिहायचं, मग खोडायचं, खोडलेल्यातून चित्र काढायचं आणि उरलेल्या शब्दांची कविता. रंग नव्हते. स्टेशनरीची दुकानं जीवनावश्यक नव्हती, त्यामुळे बंद. मग स्वयंपाकघर धुंडाळलं. चहाचा आटवलेला अर्क, तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू, काजळ. आईनं दिलेल्या कोकमाच्या आगळाचा रंग कागदावर गुलाबी उतरायचा, आणि त्यावर खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवलं की काळपट निळसर व्हायचा. हळदीत चुना मिसळला की लाल होतं, कुंकू असंच करतात, हे मला माहीत होतं. पण माझ्या घरात चुना कुठला? शेजारच्या आजी पान खातात. पानाच्या टपऱ्या बंद असल्यामुळे त्यांच्याकडचा चुना संपत आला होता आणि त्या तो जपून वापरत होत्या. तरी मी मागितल्यावर त्यांनी डबीतला नखभर चुना कागदाच्या कपट्यावर काढला, कपटा उंबऱ्याबाहेर ठेवला आणि मागे सरकल्या. मी तो उचलला. तो लाल मी फार थोड्या ठिकाणी वापरला.

त्या काळात कवितेबरोबरच्या चित्राबद्दल मला जे कळलं ते इतकी वर्षं पानं लावूनही कळलं नव्हतं. आपल्याकडे मासिकांत, दिवाळी अंकांत कवितेशेजारी रेखाटन द्यायची जुनी आणि चांगली रीत आहे. पण पुष्कळदा कवितेत झाड असतं म्हणून शेजारी झाड असतं, कवितेत खिडकी म्हणून खिडकी. मीही सुरुवातीला तसंच करत होते आणि ती पानं मेल्यासारखी वाटायची. एकदा लिहिलं:

श्वास धरून दहा मोजले.
अकरावा आकडा
आईच्या दारात उभा होता.

ह्याच्याशेजारी मी आईचं दार काढलं, अकरा आकडे काढले, माझी नाक दाबलेली आकृतीही काढली. सगळं फसवं वाटलं. शेवटी नवीन पान घेतलं आणि फक्त आमच्या घरचा ओटा काढला, त्यावर उपडा घातलेला तांब्या. आई रात्री झोपण्याआधी तांब्या उपडा घालते. कवितेत जे म्हणायची हिंमत नव्हती ते त्या तांब्यात आलं. तेव्हापासून मी स्वतःला एकच नियम घालून घेतला की शब्दांनी जे सांगितलं ते चित्रानं पुन्हा सांगायचं नाही. चित्रानं शब्दांना आवरावं. काळजी बोलकी असते, ती एका गोष्टीवरून दुसऱ्या गोष्टीवर उड्या मारते. ओट्यावरच्या तांब्याचा काठ, त्यावरचा पोचा, खालची सावली काढायला बसलं की तिला उडी मारता येत नाही. हात हळू चालतो आणि मनाला त्याच्याबरोबर चालावं लागतं.

ही पानं मी कुणाला दाखवणार नव्हते. पण आई रोज व्हिडिओ कॉलवर विचारायची, ‘दिवसभर काय करतंस गो?’ एकदा सांगायला काहीच नव्हतं म्हणून रुळांच्या पानाचा फोटो पाठवला. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिची शस्त्रक्रिया एप्रिलमध्ये व्हायची होती, पण तेव्हा तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जात होत्या. ती म्हणाली, ‘अक्षरां दिसणत नाय, चित्र दिसता.’ आणि पुढे, ‘ह्यो गडगो मा?’

तिला रुळांच्या जागी जांभ्या दगडाचा गडगा दिसला, शेताच्या हद्दीवर असतो तो. मी नाही म्हणायच्या आत ती सांगायला लागली. तिच्या आजीच्या लहानपणी पटकीची साथ आली तेव्हा माणसं घरं सोडून गडग्यापलीकडच्या मांगरांत, म्हणजे शेतातल्या झोपड्यांत, राहायला गेली होती. एकेक कुटुंब एकेका मांगरात. कुणी कुणाकडे जायचं नाही. तिन्हीसांजेला एका मांगरातून कुणीतरी कूक, म्हणजे लांब हाळी, घालायचं, मग दुसऱ्यातून, मग डोंगराच्या अंगच्या तिसऱ्यातून. कूक आली म्हणजे माणसं आहेत. ज्या मांगरातून आली नाही, तिथे सकाळी कुणीतरी लांबून बघून यायचं. ही गोष्ट मी आईच्या तोंडून त्याआधी कधीच ऐकली नव्हती. तिलाही ती गडगा दिसल्यावर आठवली असावी.

त्या रात्री लिहिलं:

ह्या डोंगरावरून कूक घाल.
त्या डोंगरावर
कुणीतरी भात खाली ठेवून
उठेल.

चित्रात डोंगर नाही, माणूस नाही. फक्त ताटलीतला अर्धवट जेवलेला भात, आणि त्यात आजींच्या चुन्यातून निघालेल्या लालाचा लोणच्याएवढा ठिपका.

मग आम्हां दोघींचा हा नेमच झाला. मी पान पाठवायचं आणि आईनं ते सांगायचं. ती कविता वाचत नव्हती, वाचू शकतच नव्हती. चित्रावरून तिला जे सुचेल ते सांगायची आणि ते माझ्या कवितेपासून पार लांबचं असायचं. उपड्या तांब्यावरून तिनं माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली, ते मुंबईच्या गिरणीतून सुट्टीवर यायचे तेव्हाची. ऐकता ऐकता मला पिंगुळी आठवली. आमच्या गावापासून जवळच. तिथल्या ठाकर समाजातले चित्रकथी चित्रांची पोथी घेऊन देवळात बसतात, एकेक चित्र उचलून धरतात आणि रामायण-महाभारतातली आख्यानं वीणा, टाळ, हुडुकाच्या साथीनं गातात. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून मी ते पाहिलं होतं. चित्र समोर असतंच, पण ते उचलून सांगणारा लागतो, साथीला हुंकार देणारे लागतात, आणि समोर बसलेले लागतात. एकट्या माणसाचा तो खेळच नाही. मी मात्र माझी पानं एकटेपणाबद्दलची म्हणून एकटीच उराशी धरून बसले होते. आईनं ती उचलून सांगायला घेतली आणि रात्री ती पानं घेऊन बसायची माझी भीती कमी झाली. कवितेला वाचक मिळाला म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. माझ्या चित्रातून तिची गोष्ट निघाली, म्हणजे ते चित्र माझ्या भीतीपुरतं उरलं नाही, ह्याचा तो आधार होता.

ऑगस्टमध्ये गणपती आले. कोकणात जायला ई-पास, तिथे पोचल्यावर दहा दिवसांचं विलगीकरण. गावातले लोक चाकरमान्यांना घाबरत होते आणि चाकरमानी त्यामुळे दुखावले जात होते. दोघांचंही खरं होतं. मी गेले नाही. आईचं वय, आणि मी येणार डोंबिवलीहून. त्या वर्षी आमच्या घरचा गणपती शेजारच्या काकांनी आणला आणि आईनं पूजा केली. मी फोनवरून आरती म्हटली. आवाज पोचायला वेळ लागत होता, त्यामुळे आमची एकही ओळ जुळली नाही. ह्यावर मी कविता करून पाहिली, जमली नाही. चित्रही जमलं नाही. काही गोष्टी नुसत्या सोसायच्या असतात, त्यांचं पान होत नाही.

२०२१ च्या जानेवारीत पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली. आईनं सकाळीच फोन केला. गोठ्याचं संग्रहालय करून त्यांनी चित्रकथीची ही कला सांभाळली हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. आई स्वतःलाच काही मिळाल्यासारखी बोलत होती. वाटलं, आता साथ संपली. फेब्रुवारीपासून सर्वांसाठी ठराविक वेळांत लोकल सुरू झाल्या होत्या.

आणि मग एप्रिल. दुसऱ्या लाटेबद्दल मी फार लिहू शकत नाही. आमच्या ऑफिसमधले मुद्रितशोधक त्या एप्रिलमध्ये गेले. त्यांच्या घरच्यांना आधी खाट मिळेना, मग मिळाली तेव्हा उशीर झाला होता. आम्ही कुणी जाऊ शकलो नाही. बातमी फोनवर आली आणि फोनवरच एकमेकांना सांगितली गेली. माझ्या शेजारच्या टेबलावर वर्षानुवर्षं बसलेला माणूस. ऱ्हस्व-दीर्घावरून त्यांच्याशी माझी इतकी भांडणं झाली होती, आणि प्रत्येक वेळी तेच बरोबर असायचे.

कितीतरी रात्री मी कागद घेऊन बसले. काही लिहून खोडावं, तर लिहिणंच होत नव्हतं. गठ्ठ्यातले कागद चाळत होते तर एक प्रूफ सापडलं. त्याच्या छापील बाजूवर त्यांच्या लाल शाईच्या खुणा होत्या. एका ठिकाणी समासात त्यांचं ठसठशीत अक्षर, दोन कडव्यांच्या मधे जागा वाढवायची सूचना. त्या कागदाची कोरी बाजू मी वापरली नाही. त्याच बाजूवर, त्यांच्या खुणेजवळ, पेन्सिलीनं लिहिलं:

तुम्ही लाल शाईनं खूण केलीत,
इथे एक ओळ सोडा.
सोडली.

चित्र काढलं नाही. त्यांची खूण हेच चित्र होतं. पुढे धीर करून त्याचा फोटो त्यांच्या पत्नीला, वहिनींना, पाठवला. त्यांचं उत्तर काही दिवसांनी आलं, कागद मिळेल का, असं विचारणारं. तो कागद आता त्यांच्या घरी आहे.

‘सकारात्मक राहा’ असं त्या दोन वर्षांत मला पुष्कळांनी सांगितलं. चांगल्या मनानंच सांगितलं. पण त्या सांगण्यानं माणूस आणखी एकटा पडतो, कारण मग आपली भीती बोलायची सोय राहत नाही. मला त्या पानांनी भीतीसकट बसायची जागा दिली. ज्यांना आजही रात्री तशी धडधड होते त्यांनी डॉक्टरांना गाठावं, हे मी आवर्जून सांगते, मीही गेले होते. पण डॉक्टरांकडून घरी आल्यावरची रात्र उरतेच, आणि त्या रात्रीसाठी कागद बरा.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मी गावी गेले. एसटीचा संप होता, कोकण रेल्वेनं गेले. आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया तोवर झाली होती. पानांचा गठ्ठा मी बरोबर नेला होता. उजेडात ठेवलेल्या पानांवरची हळद उडून गेली होती. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. गेरू आणि काजळ मात्र जसंच्या तसं होतं. आईनं नवा चष्मा लावून एकेक पान पहिल्यांदाच वाचलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ह्यां लिवलंस तू? मी येगळाच समाजलंय.’

दुसऱ्या दिवशी आम्ही पिंगुळीला जाऊन आलो. तिथल्या पोथीत चित्रांचे कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात, म्हणजे एक चित्र सांगून झालं की कागद उलटायचा आणि पुढचं समोर येतं. घरी आल्यावर आईनं खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून मी त्यात बाइंडिंगवाल्यांसारखं चिमूटभर मोरचूद घातलं, आणि आम्ही दोघींनी पानं चिकटवली. छापील बाजू आत, चित्रं बाहेर. ज्या लेखकांच्या प्रूफांवर मी ही दोन वर्षं काढली त्यांचा मजकूर आता दोन चित्रांच्या मधे बंद आहे. क्रम आईनं लावला. माझ्या तारखांप्रमाणे नाही, तिला सांगताना सोयीचं पडेल असा. मला तो पटला.

वाळल्यावर संध्याकाळी ओटीवर शेजारची पोरं जमली. आई मधे बसली आणि पहिलं पान उचललं. तिनं सुरुवात पटकीच्या साथीपासून केली, मग गडगा, मग मांगर, मग मुंबईची गाडी बंद पडली आणि गडग्याचे रूळ झाले. शेजारच्या आजींच्या चुन्याची डबीही त्यात आली. भाताच्या पानाशी पोचल्यावर तिनं तोंडाशी हात धरून खरोखरची कूक घातली, आणि पोरांनी इतक्या मोठ्यानं उलटी कूक दिली की पलीकडच्या घरातले काका बाहेर आले. ‘मग?’ पोरांनी विचारलं. मग आईनं अशी एक रात्र सांगायला घेतली जी माझ्या कुठल्याच पानावर नव्हती. तीत मी डोंबिवलीहून चालत निघाले होते आणि खारेपाटणच्या नाक्यावर मला वडील भेटले होते. मी मधेच म्हटलं, ‘आई, असं झालं नव्हतं.’

‘तू गप ऱ्हव गो,’ ती म्हणाली आणि पान उलटलं. ‘माका सांगूक दी.’